शब्दचर्चा : मॅट्रिक्सची 'रँक' – कोटी, श्रेणी की रँकच?

सरकी : मराठी माध्यमातून दहावी करून इंजिनिअरिंगला गेलेल्या खेड्यातल्या मुलांसाठी लिनियर अल्जिब्राची टिपणं मराठीत लिहिते आहे. मॅट्रिक्स (आकड्यांची ओळी-स्तंभांतली मांडणी), व्हेक्टर हे शब्द तसेच ठेवले. 'निश्चयक' (चौरस मांडणीतल्या आकड्यांवरून काढलेली एक संख्या) दहावीतल्या क्रेमरच्या पद्धतीमुळे मुलांच्या ओळखीचा आहे. अडलं ते 'रँक'पाशी, म्हणजे इतर ओळींतून न मिळणाऱ्या, स्वतंत्र ओळी किती, हे सांगणाऱ्या आकड्यापाशी. रँक म्हटली की मुलांना सीईटीचा नंबर आठवतो. जितका लहान तितका चांगला. इथे तर उलटंच. 'कोटी' लिहू का?

वखर : ताई, कोटी नको. नववीपासून 'बहुपदीची कोटी' म्हणजे सर्वांत मोठा घातांक, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. शिवाय आपल्याकडची बरीच मुलं हिंदी पुस्तकं वापरतात. एनसीईआरटीच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात मॅट्रिक्सला आव्यूह, निश्चयकाला सारणिक आणि ३ × २ या आकाराला 'कोटि' म्हटलं आहे. मग 'कोटी २' वाचून पोरगं घातांक समजेल, आकार समजेल की रँक? 'सारणिक'चाही असाच घोळ होतो, कारण मराठीत सारणी म्हणजे तक्ता.

श्रेणीही नको. निकालपत्रावर अ, ब, क असते ती श्रेणी.

मूळ जर्मन शब्द 'रांग' (Rang). फ्रोबेनियस या जर्मन गणितज्ञाने तो १८७९ मध्ये वापरला, आणि त्यामागे निश्चयक होते : मॅट्रिक्समधून काही ओळी आणि तितकेच स्तंभ निवडून जो सर्वांत मोठा शून्येतर निश्चयक मिळतो, त्याचा आकार म्हणजे रँक. 'मॅट्रिक्स' हे नाव सिल्व्हेस्टर या इंग्लिश गणितज्ञाने १८५० मध्ये दिलं तेही याच विचाराने. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय. जिच्या कुशीतून निश्चयक जन्मतात ती मॅट्रिक्स. म्हणजे नंबर लावण्याशी या रँकचा काही संबंध नाही.

धुरा : शब्द कोणताही ठेवा, आधी अर्थ दाखवा. कृषी केंद्राची तीन बिलं घ्या, ज्यांवर प्रत्येक खताचा भाव वेगळा लिहिलेला नाही.

२ डीएपी + १ युरिया = २९६६.५०
१ डीएपी + ३ युरिया = २१४९.५०
३ डीएपी + ४ युरिया = ५११६

दुसरी ओळ वर घ्या. तिची दुप्पट पहिलीतून आणि तिप्पट तिसरीतून वजा करा. दोन्ही ठिकाणी एकच उरतं : ०, −५, −१३३२.५०. ही एकमेकींतून वजा केली की शेवटची ओळ पूर्ण शून्य. युरिया २६६.५०, डीएपी १३५०. कागद तीन, माहिती दोन कागदांची. रँक २.

आता तिसऱ्या बिलात दहा रुपये हमाली धरून ५१२६ लिहा. शेवटची ओळ होते ०, ०, १०. म्हणजे शून्य बरोबर दहा. नुसत्या सहगुणकांची रँक २ आणि बेरजेचा स्तंभ जोडल्यावर ३. या दोन रँक वेगळ्या निघाल्या की उत्तर नाही. सारख्या निघाल्या तर उत्तर आहे, आणि ती रँक अज्ञातांच्या संख्येइतकी असेल तर एकच आहे. परीक्षेत मुलं इथेच गुण घालवतात. पायऱ्यांची मांडणी (खालच्या प्रत्येक ओळीत सुरुवातीची शून्यं वरच्या ओळीपेक्षा जास्त) पूर्ण होण्याआधीच शून्य नसलेल्या ओळी मोजतात.

पऱ्हाटी : भाऊ, बिलाचं उदाहरण पोरायले लवकर समजते. पण तिसरंच बिल फालतू, असं नका लिहू. तिघांतले कोणतेबी दोन घेतले तरी भाव निंघते. किती ओळी कामाच्या, एवढंच रँक सांगते. कोणत्या, हे नाही.

सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांसाठी कूलरचा स्टँड घ्या. त्याची एका बाजूची चौकट पाहा : चार पट्ट्या, प्रत्येक कोपऱ्यात एकच नटबोल्ट. चार कोपरे, प्रत्येक दोन दिशांनी सरकू शकतो, म्हणून आठ स्तंभ. प्रत्येक पट्टीची लांबी बदलू नये, ही एकेक ओळ. रँक ४. आठातून चार गेले, चार राहिले. त्यातले तीन म्हणजे अख्खी चौकट आडवी, उभी सरकणं आन् फिरणं. चौथं म्हणजे चौकट तिरपी होऊन डुलणं. एक तिरकी पट्टी मारली की रँक ५, डुलणं बंद. दुसरी तिरकी मारली तर पट्ट्या सहा, रँक पाचच. आन् हे सहावी पट्टी पाच मिलिमीटर आखूड कापली असंन तं तिचं छिद्र जुळतच नाही. बिलातले दहा रुपये तेच इथं. ठोकून बसवली तं सगळ्या पट्ट्यांत ताण येते. वेल्डिंग केलं तं हिशेब वेगळा, कारण कोपरे फिरायले मोकळे नसते.

सरकी : हा स्टँड मी टिपणात घेणारच. पण कॉम्प्युटरवाल्यांची तक्रार अशी की हाताने रँक २ येते आणि त्यांच्या प्रोग्रॅममध्ये ३.

वखर : (१, ०, ०.१), (०, १, ०.२), (१, १, ०.३) या ओळी घ्या. तिसरी पहिल्या दोघींची बेरीज आहे. पण ०.१, ०.२, ०.३ मशीनमध्ये नेमके बसत नाहीत. वजाबाकीनंतर शून्याऐवजी १०⁻¹⁷ च्या घरातला आकडा उरतो आणि 'शून्य आहे का?' असं विचारणारा प्रोग्रॅम त्याला खरी ओळ धरतो. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतली रँक शोधणारी आज्ञा सिंग्युलर मूल्यं (मॅट्रिक्स वेगवेगळ्या दिशांना किती ताणते ते सांगणारे आकडे) काढते, सर्वांत मोठं मूल्य × मोठी बाजू (ओळी किंवा स्तंभ, जे जास्त ते) × २.२ × १०⁻¹⁶ याहून लहान असलेली सोडून देते आणि उरलेली मोजते. तिथे २ च येते.

निश्चयक लहान म्हणून रँक कमी, हेही चूक. कर्णावर ०.१ आणि बाकी सगळीकडे ० असलेल्या १० × १० मॅट्रिक्सचा निश्चयक १०⁻¹⁰, पण रँक पूर्ण १०.

खरा धोका मोजलेल्या आकड्यांत असतो. एका स्तंभात सातबाऱ्यावरचे हेक्टर, दुसऱ्यात तेच क्षेत्र दोन दशांशांपर्यंत लिहिलेलं एकरात. माहिती एकच, पण पूर्णांकनामुळे स्तंभ वेगळे दिसतात आणि नमपायही रँक पूर्ण सांगते. मग उत्पन्नाच्या मॉडेलमध्ये एका स्तंभाला प्रचंड धन आणि दुसऱ्याला प्रचंड ऋण सहगुणक मिळू शकतो. एकराचा स्तंभ काढून टाका. नाहीतर मोजमापातल्या चुकीइतकी सहनमर्यादा (याहून लहान ते शून्य धरायचं) स्वतः द्या.

सरकी : मग शीर्षकात 'रँक'च ठेवते, खाली 'स्वतंत्र ओळींची संख्या'.

धुरा : चालेल. फक्त तिथेच लिहा की स्वतंत्र स्तंभ मोजले तरी आकडा तोच येतो. आणि रँकसाठी स्तंभांवर क्रिया चालतात, पण समीकरणं सोडवताना नाही. तिथे स्तंभांची अदलाबदल केली की डीएपीचा भाव युरियाच्या नावावर जातो.