विषय: पुतण्याची बायोप्सी परत करायची का? आजच सांगा

अनिल:
नमस्कार मंडळी. गंगाखेडहून रिपोर्ट आला, डिस्ट्रोफिन (स्नायू टिकवणारं प्रथिन) ६ टक्के. वहिनी म्हणायल्यात, उदगीरच्या पोराला २० आलं होतं, मग आपलंच चुकलं असंल, पुण्याला परत तुकडा काढू. भाऊ गुरुवारी निघायलाय. पोरगं अकराचं आहे, मांडीवर हात टेकून उठतं, पण शाळेत चालत जातं. मीनाताई, काय करू?

मीनाताई:
अनिल, भावाला थांबव. ६ आणि २० दोन वेगळ्या लॅबचे आकडे आहेत, शेजारी ठेवून बघता येत नाहीत. कोणता स्नायू घेतला, त्यात चरबी किती भरली होती, तुलनेला कुणाचा निरोगी स्नायू होता, यावर आकडा हलतो. प्रथिनाचा जो भाग गळालाय नेमका तिथंच चिकटणारी अँटिबॉडी वापरली, तर प्रथिन असूनही दिसत नाही. १९८८ च्या सुमारास ३ टक्क्यांखाली ड्युशेन (स्नायू झिजण्याचा तीव्र आजार), २० च्या वर सौम्य बेकर (त्याचाच हलका प्रकार) असा ढोबळ हिशेब मांडला गेला. दोन्ही टोकांना तो बऱ्यापैकी बसतो. मधल्या पोरांचं पुढचं त्यावरून सांगू नये. रक्तावरची एमएलपीए ही जनुक तपासणी झालीय का? जनुकाचे कोणते तुकडे (एक्झॉन) गेलेत?

विठ्ठलकाका:
उदगीरचा आकडा इथं कुणी टाकला? तो माझ्या मेव्हण्याच्या घरचा विषय आहे. निघालाच आहे तर ऐका. २० टक्के असून आमच्या पोराचं चालणं आधी थांबलं. टक्का धरून बसू नका, रक्तातलं सीपीके (स्नायूतलं एन्झाइम) बघा. आमचं १८ हजारांवरून ६ हजारांवर आलंय, सुधारतंय.

सुनीता:
काका, फक्त सीपीकेबद्दल. ते दुखावलेल्या स्नायूतून रक्तात गळतं. स्नायूच कमी झाला की गळायलाही कमी उरतं. माझ्या मामेभावाचं असंच उतरत गेलं, घरात सगळे खूश, आणि त्याला हात वर उचलणं जड व्हायलं होतं. हृदयाचा इको कधी केला होता?

कार्यवाह:
कोजागरीनंतर आरोग्याच्या चर्चेची वेगळी यादी काढली आहे, हा विषय कृपया तिकडे न्या. शनिवारच्या हॉलची किल्ली अजून कुणी घेतलेली नाही.

विठ्ठलकाका:
त्या यादीवर आमच्याकडचे निम्मे लोक नाहीत. विषय इथंच राहील. किल्ली मी घेतो. सुनीता, इको होऊन दोन वर्षं झाली. मेव्हण्याला आजच सांगतो.

प्रसाद:
अमेरिकेत २०१६ मध्ये ड्युशेनवरच्या एटेप्लर्सन या औषधाला मंजुरी मिळाली, तेव्हा एका चाचणीत डिस्ट्रोफिनची सरासरी ०.१६ वरून ०.४४ टक्के एवढीच वाढ होती. मग ६ तर भरपूर झाले की!

मीनाताई:
प्रसाद, ती मंजुरी त्वरित पद्धतीची होती. तेवढ्या वाढीनं पोरं जास्त चालतात हे तेव्हा सिद्ध झालं नव्हतं. अनिलच्या घरी ही तुलना सांगू नकोस.

अनिल:
एमएलपीएचा कागद सापडला. ४५ ते ४७ गळालेत, पुढं ‘इन-फ्रेम’ लिहिलंय.

मीनाताई:
मग बायोप्सी परत नको. पोराला पुन्हा कापून हाती नवीन काही लागणार नाही. इन-फ्रेम म्हणजे तुकडे गळूनही जनुक वाचण्याची चौकट टिकली, म्हणून प्रथिन मधून आखूड झालं, पण दोन्ही टोकं शाबूत. एक टोक पेशीच्या आतल्या ॲक्टिन या सांगाड्याच्या प्रथिनाला धरतं, दुसरं पेशीच्या पडद्याला. १९९० मध्ये एका घराण्याची नोंद झाली, त्यांच्या प्रथिनाचा ४६ टक्के भागच नव्हता, तरी त्यातला एक माणूस ६१ व्या वर्षी चालत होता. आपल्या पोराचं तसंच होईल असं मी म्हणत नाही, पण ४५ ते ४७ बहुतेक वेळा बेकरकडे जातं. चौकटीचा हा नियम दहातल्या साधारण नऊ जणांना लागू पडतो. आता त्याचा इको करा, बेकरमध्ये हृदय पायांच्या आधीही थकू शकतं. वहिनींची जनुक तपासणीही करा. त्या वाहक निघाल्या, म्हणजे हा बदल त्यांच्याही जनुकात सापडला, तर त्यांचाही इको लागेल. आणि त्यांना घरात कुणी बोल लावू देऊ नकोस. बऱ्याच घरांत हा बदल पोरातच नव्यानं झालेला असतो.

अनिल:
भावाला फोन केला, पुणे रद्द. परभणीत इकोला कुणाकडं जायचं?

विठ्ठलकाका:
मेव्हण्याला विचारून संध्याकाळी कळवतो. दोन्ही पोरांना एकाच दिवशी नेऊ.