किल्ल्या पेत्राला दिल्या हे मान्य, पण पेत्रानं त्या पुढे कुणाला दिल्या?

कृष्णाकाठ, सातारा :
माझी थोरली बहीण वसईच्या कॅथलिक घरात दिलीय. परवा दाजी आले होते. जेवणं झाल्यावर बायबलमधला मत्तय 16 उघडून बसलो ते रात्री एक वाजेपर्यंत. त्यात येशू शिष्य पेत्राला म्हणतो : तू पेत्र आहेस, या खडकावर मी माझी मंडळी रचीन, स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या तुला देईन, तू बांधशील ते बांधलं जाईल, सोडशील ते सोडलं जाईल. दाजी म्हणतात, प्रभूनं पेत्राला किल्ल्या दिल्या, पेत्र रोमचा पहिला बिशप झाला, म्हणून आजचा पोप त्याच्याच गादीवर आहे.

पेत्राचं मोठेपण मी नाकारत नाही. पण त्या अध्यायात वारसाबद्दल अवाक्षर नाही. बांधण्या-सोडण्याचा अधिकार पुढे 18:18 मध्ये सगळ्याच शिष्यांना मिळतो. यरुशलेमेच्या सभेत (प्रेषितांची कृत्ये 15) पेत्र बोलतो, पण निर्णय प्रभूचा भाऊ याकोब मांडतो. अंत्युखियात पौल पेत्राला तोंडावर दोष देतो. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल वीसहून जास्त लोकांना नावानिशी सलाम सांगतो, त्यात पेत्र नाही. आणि पेत्र स्वतःला काय म्हणवतो? मंडळीच्या इतर वडिलांसारखाच, म्हणजे पुढाऱ्यांसारखाच, एक वडील (1 पेत्र 5:1). मग गादी आली कुठून?

विश्रामबाग, सांगली :
मी कॅथलिक. दादा, मुळापासून बघू. प्रभू अरामी बोलत होता, आणि योहान 1:42 मध्ये त्यानं शिमोनाला दिलेलं नाव आहे ‘केफा’, म्हणजे खडक. ग्रीकमध्ये माणूस ‘पेत्रोस’ आणि खडक ‘पेत्रा’ असा फरक दिसतो, कारण ‘पेत्रा’ स्त्रीलिंगी. आपणही पुरुषाचं नाव ‘शिळा’ ठेवत नाही, ‘धोंडिबा’ ठेवतो. अरामीत दोन्हीकडे एकच शब्द. तेव्हा खडक म्हणजे पेत्र नव्हे, त्याचा फक्त विश्वास, असं बरेच प्रॉटेस्टंट म्हणतात, ती वाट मला पटत नाही.

आता किल्ल्या. यशया 22 वाचा. राजवाड्याचा कारभारी शेबना काढला जातो आणि दाविदाच्या घराण्याची किल्ली एल्याकीमाच्या खांद्यावर येते. माणूस बदलला, पद राहिलं. साताऱ्याच्या माणसाला हे मी काय सांगू? बाळाजी विश्वनाथ 1720 मध्ये गेले म्हणून पेशवेपद संपलं का? बारा शिष्यांतला यहूदा गेल्यावरही त्याची जागा भरलीच, मत्थिया निवडला गेला (प्रेषितांची कृत्ये 1).

कृष्णाकाठ, सातारा :
पेशव्यांचा दाखला तुम्हीच काढलात ते बरं झालं. बाजीरावांना वस्त्रं दिली ती शाहू महाराजांनी. बाळाजींनी मुलाला परस्पर पेशवा केलं नाही. पुढे सत्ता पुण्यात गेली तरी वस्त्रं साताऱ्याच्या गादीकडूनच यायची. यशयातही एल्याकीमाला परमेश्वर नेमतो, शेबना नाही. मत्थियाच्या वेळी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या, म्हणजे निवड प्रभूवरच सोपवली. शिवाय त्याला अट होती : बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या काळापासून सोबत असलेला, पुनरुत्थानाचा साक्षी. ती अट दुसऱ्या पिढीत कोण पुरी करणार? पुढे दुसरा याकोब, शिष्य योहानाचा भाऊ, मारला गेला (कृत्ये 12), तेव्हा त्याची जागा भरल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. पेत्राच्या वारसाला वस्त्रं कुणी दिली ते शास्त्रातून दाखवा.

मिशन कंपाउंड, मिरज :
माझ्या घरात तीन पिढ्या मंडळीचे वडील झाले, म्हणून आपल्याच प्रॉटेस्टंट बाजूला विचारतो. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा आमच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशपऐवजी वडिलांनी चालवलेल्या, मंडळ्यांनी बिशप स्वीकारले. आज आपल्या पाळकांना दीक्षा देताना हात ठेवतो तो बिशपच. परंपरेनं आलेलं पद नकोच असेल, तर तेही शास्त्रात कुठे आहे? आणि ते चालत असेल, तर भांडण फक्त रोमच्या एका खुर्चीशी आहे. हे नीट वेगळं करा, नाहीतर दाजी तुम्हाला इथेच धरतील.

कोरेगावची लेक :
योहान 21 कुणी काढलंच नाही. ‘माझी मेंढरे पाळ’ हे प्रभू सगळ्यांसमोर फक्त पेत्राला सांगतो. मेंढरं पेत्राबरोबर मेली नाहीत, मग मेंढपाळाचं काम कसं संपेल? मी प्रॉटेस्टंट आहे, तरी हा प्रश्न मला सुटलेला नाही.

विश्रामबाग, सांगली :
ताईंनी नेमकं सांगितलं. वस्त्रांचा पुरावाही देतो. इ. स. 96 च्या सुमाराला रोमच्या मंडळीनं करिंथला पत्र पाठवलं. परंपरेनं ते क्लेमेंटचं. त्याच्या 44 व्या अध्यायात आहे, की प्रेषितांनी माणसं नेमली, आणि ती वारल्यावर इतर पारखलेल्यांनी ती सेवा घ्यावी अशी तजवीज केली. सुमारे 180 मध्ये ल्योंचा बिशप इरेनियस रोमच्या बिशपांची यादीच देतो : लीनस, अनाक्लेतस, क्लेमेंट आणि पुढे. लीनस हे नाव 2 तीमथ्य 4:21 मध्येही आहे. पौलही तीमथ्याला सांगतो, ऐकलेलं विश्वासू माणसांना सोपव, म्हणजे ते इतरांना शिकवतील. वारसा कागदावर येण्याआधी हातावरून चालला.

कृष्णाकाठ, सातारा :
मिरजकरांचं मान्य. बिशपपद चालत येतं याला माझा विरोध नाही, पहिल्या पोस्टमध्ये मी दोन गोष्टी एकत्र केल्या. क्लेमेंटचं पत्र मीही मानतो. पण त्यातली नेमलेली माणसं अनेक आहेत, आणि पत्र रोमच्या मंडळीच्या नावानं आहे, एका बिशपच्या नाही. पुढे 110 च्या आसपास अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस रोमला लिहितो. इतर मंडळ्यांना बिशपचा मान राखा म्हणून बजावणारा हा माणूस रोमच्या पत्रात तिथल्या बिशपचं नावही घेत नाही. यादी येते ती इरेनियसच्या काळात. तिथून 1870 च्या व्हॅटिकन सभेनं ठरवलेल्या पोपच्या सर्वाधिकारापर्यंतचं अंतर मला मत्तय 16 मध्ये सापडत नाही.

योहान 21 मात्र ताई, आज पुन्हा वाचतो. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही.