मदत हवी आहे: प्रोजेक्टर हाफटाइमच्या आधीच बंद पडतोय, तुळईला टांगू का?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं जुनं घर आहे. मधली खोली १४ बाय १० फूट, भिंती दगडी, छत म्हणजे सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि माती. वर चुलते राहतात. या खोलीत मोठा पडदा करायचाय. घरात सांगताना सिनेमासाठी म्हणून सांगितलंय, पण खरं कारण तुम्हाला कळलं असेलच. २०२६ चा वर्ल्ड कप अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, म्हणजे आपल्याकडं मॅचेस रात्री उशिरा नाहीतर पहाटे. गल्लीत निम्मे ब्राझीलचे, निम्मे अर्जेंटिनाचे. चौकात पडदा लावावा तर जून महिना, पाऊस. म्हणून सगळी वरात आमच्याकडं.

मावसभावाच्या ऑफिसमधून निघालेला लॅम्पवाला डीएलपी प्रोजेक्टर मिळालाय. मॅन्युअल नाही. मॉडेल नंबर टाकून शोधलं तर थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर आणि चित्राची रुंदी यांचं प्रमाण) १.५ दाखवतंय. सध्या मागच्या भिंतीजवळच्या कपाटावर ठेवलाय.

अडचण अशी की चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास पंखा एकदम बोंब मारायला लागतो, तापमानाचा लाल दिवा लागतो आणि मशीन गपकन बंद. गरम प्लास्टिकचा वासही येतो. धूळ बसू नये म्हणून मी त्याला प्लायची पेटी करून घेतलीय, पुढं लेन्सपुरतं भोक, मागं वायरीपुरतं. (सुतारानं वर ऐकवलं, "बाबूराव पेंटरांनी या गावात कॅमेरा घरी केला, ही तर नुसती पेटी.") यूट्यूबवर एकजण म्हणतोय 'हाय अल्टिट्यूड' मोड लावा. लावू का?

दुसरं, तुळईला टांगलं तर चालेल का? चुलते वर चालले की खाली माती झडते.

तिसरं, सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर लावताना बोटाला झिणझिण्या येतात. आणि पावसात लाईट जाते त्याचं काय करायचं?

घरात चार वर्षांची मुलगी आहे. "पिक्चर कुठनं येतोय" म्हणून थेट लेन्सला डोळा लावायला जाते. जरा लवकर सांगा.

जुना_ऑपरेटर

आधी ती पेटी काढा, मग पुढचं बोलू. लॅम्पची जवळजवळ सगळी उष्णता पंखा बाहेर फेकतो. तुमच्या पेटीत तोच गरम वारा फिरून परत आत जातोय. मशीन स्वतःहून बंद पडतंय हे नशीब समजा.

मी एका टॉकीजमध्ये कार्बनवर मशीन चालवलंय. दोन कांड्यांच्या टोकांत जाळ, आणि लॅम्पहाउसवर धुराडं. सगळ्यात आधी शिकवायचे ते धुराडं मोकळं आहे का हे बघायला. तुमच्या मशीनचं धुराडं म्हणजे बाजूच्या जाळ्या. चारी बाजूंनी फूटभर मोकळं ठेवा. फिल्टर असेल तर काढून मऊ ब्रशनं झाडा. वासाचं म्हणाल तर पेटी काढूनही येत राहिला तर चालवू नका, मेकॅनिकला दाखवा.

हाय अल्टिट्यूड मोड साधारण दीड हजार मीटरच्या वरच्या गावांसाठी. हवा विरळ म्हणून पंखा जोरात. आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास. लावलात तर आवाज वाढेल आणि मूळ दुखणं झाकलं जाईल.

लॅम्प पाऱ्याच्या वाफेचा असतो आणि चालू असताना आत वातावरणाच्या दोनशे पटीच्या आसपास दाब असतो. कधी फुटलाच तर प्लग काढा, पोरांना बाहेर न्या, खिडक्या उघडा. झाडू मारू नका. तुकडे घंटागाडीच्या साध्या कचऱ्यात टाकू नका. जुन्या मशीनमध्ये मेनूत लॅम्पचे तास बघा. तीन-चार हजारांच्या पुढं गेले असतील तर नवा घ्या, आणि बदलायचा तो मशीन पूर्ण गार झाल्यावर, काचेला बोट न लावता.

पेठेतला_वायरमन

झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नाही. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. बॉक्सच्या ॲडॉप्टरमधून थोडा करंट गळतो, त्याला जायला वाट नसली की तुमच्या बोटातून जातो. नुसत्या झिणझिण्या आहेत म्हणून सोडून देऊ नका, या गळक्या करंटनं एचडीएमआय पोर्टही उडतं. अर्थिंग करून घ्या, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवा. तोवर दोन्हीकडचे प्लग काढल्याशिवाय एचडीएमआय लावायची नाही.

लाईट गेली की पंखाही थांबतो आणि तापलेला लॅम्प आतल्या आत शिजतो. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस लावा. आधी प्रोजेक्टरच्या बुडावर किती वॅट लिहिलंय ते बघा, यूपीएस त्याहून वरचा हवा. तीन-चार मिनिटं मिळाली तरी पुरे, तेवढ्यात रीतसर बंद करा आणि पंखा पूर्ण थांबू द्या. मॅच बघायला नाही तो, लॅम्प वाचवायला आहे. आणि मिक्सर लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर प्रोजेक्टर लावू नका.

राजारामपुरीची_ताई

भाऊ, तुळई नको. वर कुणी चाललं की तुळई केसभर हलणार, आणि तेरा फुटांवर ते हलणं ब्राझीलच्या गोलीला नाचवणार. शिवाय झडणारी माती थेट मशीनच्या तोंडात. मागच्या दगडी भिंतीला लोखंडी ब्रॅकेट मारा, डोक्याच्या वर. मुलीचा डोळाही तिथं पोचणार नाही. तरी चालू मशीनच्या लेन्समध्ये बघायचं नाही हे तिला सांगाच. आम्ही घरी "सूर्यबाप्पा आहे" म्हणतो.

हिशोब सोपा आहे: अंतर भागिले थ्रो रेशो म्हणजे चित्राची रुंदी. तेरा फुटांवरून १.५ नं साधारण ८ फूट ८ इंच रुंद चित्र पडेल. तुमची भिंत दहा फूट, बसतंय. उजेड कमी वाटला तर झूमनं लहान करा. शंभर इंची (हे माप कोपरा ते कोपरा तिरकं) म्हणजे ७ फूट ३ इंच रुंद, तेवढं भरपूर.

ब्रॅकेटवर मशीन उलटं बसवा आणि मेनूत 'सीलिंग' निवडा. टेबलवर ठेवलं की चित्र लेन्सच्या वर पडतं, उलटं केलं की खाली. तिरकं करून कीस्टोननं (मेनूतलं चित्र चौकोनी करायचं सेटिंग) सरळ करत बसू नका, त्यात पिक्सेल जातात आणि कोपऱ्यातला स्कोअर वाचता येत नाही. चुन्याच्या भिंतीवर फुगवटे असतील तर मॅट पांढरा रंग द्या. ऑइलपेंट अजिबात नको, मधोमध चट्टा चमकतो. पहाटेच्या मॅचला जाड पडदा लागेलच.

धागाकर्ता

काका, ताई, वायरमनदादा, लई आभार. पेटी काढली, जाळ्या ब्रशनं झाडल्या. ब्रशला बोटभर जाड राखाडी लोकर निघाली. काल रात्री जुनी मॅच लावली, एक तास पन्नास मिनिटं चालली. लाल दिवा नाही, वास नाही. लॅम्पचे तास २७४० दिसतायत.

सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकामागं खरंच काही नव्हतं. रविवारी अर्थिंगचं काम आहे. ब्रॅकेटसाठी दगडात भोक पाडायला मिस्त्री बघतोय, कुणाचा ओळखीचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पेटी चुलत्यांनी नेली, त्यात मांजर व्यायलंय.