पप्पूच्या घराची काळजी अन् आपलं लिंटेल

ग्रुप: वाड्यावरचे सगळे

मोठे बाबा: पप्पू, तिकडं जमीन हालून रायली म्हनते. पेपरात आलं. ठीक हायस का? फोन लागत नाही.

पप्पू: ठीक आहे मोठे बाबा. तुमचे सकाळचे साडेनऊ, इथे कॅलिफोर्नियात रात्रीचे आठ. जेवता जेवताच दोनदा भूकंप झाला. आधी धप्पकन आवाज येतो, भिंतीवर कोणी गहूचं पोतं आपटल्यासारखा, मग दोन सेकंद खिडक्या थरथरतात. बहुतेक दोन-अडीच तीव्रतेचे आहेत.

वहिनी: पोरगी भेते का?

पप्पू: भ्यायची. आता आवाजावरून आकडा सांगते. "बाबा, टू पॉइंट एट." मोबाइलवर बघितलं तर आसपासच असतो.

मामा: ‼️ आज रात्री १२.३० ते ३.३० महाभूकंपाचा इशारा, मोबाइल बंद ठेवून घराबाहेर झोपा, दहा ग्रुपवर पाठवा ‼️

पप्पू: मामा, भूकंपाची वेळ आधी सांगणं अजून जगात कोणाला जमलेलं नाही. काढा तो मेसेज.

मामा: मले आला म्हनून टाकला बापा.

मोठे बाबा: मंग इकडं काऊन येत नाही काही दिवस? संत्रा तोडनीवर आला हाय.

पप्पू: संत्र्यासाठी येतो, भूकंपासाठी नाही 😄 आमच्या सॅन रॅमन गावाला हे नवीन नाही. कॅलाव्हेरस फॉल्ट, म्हणजे जमिनीखालच्या खडकातली मोठी भेग, जवळून जातो. १९९० मध्ये शेजारच्याच गावात ४२ दिवस धक्के चालले होते. २००३, २०१५, २०१८ मध्येही असंच झालं. दर वेळी आपोआप थांबलं. खालच्या बारीक भेगांमधून पाणी सरकतं, त्यानं खडक थोडा थोडा घसरतो, असं इथले शास्त्रज्ञ सांगतात. आम्ही गिझर पट्ट्यानं भिंतीला बांधलाय, पलंगाखाली बूट अन् टॉर्च ठेवलाय. बाकी ऑफिस चालू.

आत्या: (बोलून टाइप करून रायली, चुकलं तं समजून घ्या) पप्पू तू जे सांगून रायला थे मी भोगलं हाय. २०१८ चा ऑगस्ट, श्रावनाची झड. आमच्या धारणी तालुक्यात साद्राबाडीले सुरू झालं. पहिले खालून गुडगुड आवाज ये, जसा पुलावरून भरलेला ट्रक गेला. मंग हाले. लोकाइले वाटलं कुठं खदानीत सुरुंग लावून रायले. मंग सायबं आले, मशीना बसवल्या. घरात झोपाची हिंमत नाही अन् बाहेर पानी. वरतून ताडपत्री टपकते, खालून चिखल, त्यात इचूकाटा. आमचे हे म्हनत, भूकंपानं मराचं का सापानं, थे आधी ठरव. मी उशाशी लोट्यावर स्टीलचा गिलास उपडा ठेवो. जमीन थरथरली का टिनटिन वाजे. पहिले दोन-तीन रोज गिलास वाजला का आंगनात पळो. आठ रोजानं गिलास वाजे अन् मी कूस बदलो.

वहिनी: मायबाई 😳

आत्या: अजून आयका. शेजारी कोरकू भावाचं घर होतं, कुडाचं. बांबूच्या तट्ट्या, वरून माती, वरतं कवेलू. त्याचे चार कवेलू सरकले, बस. अन् आमची इटाची नवी खोली खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चिरली. थे भेग आजूनही हाय. नातू त्यात पेन्सिल खुपसून ठेवते.

भाऊजी: आत्याबाई, तुमची तिरपी भेग म्हणजे आमच्या बांधकामाच्या पुस्तकातलीच भेग. भिंतीत खिडकीचा कोपरा सगळ्यात कच्चा. तिथून सुरू होते अन् वर-खाली तिरपी जाते. कुडाचं घर वाचलं कारण ते हलकं, अन् वाकतं. पप्पूचं घरही बहुतेक लाकडी फ्रेमचं असेल.

पप्पू: हो. कुरकुरतं खूप.

भाऊजी: कुरकुरू दे. जे कुरकुरत नाही त्याची भीती जास्त. मी ९४ ते ९६ लातूरकडे पुनर्वसनाच्या कामावर होतो. किल्लारीची घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाड दगड-मातीच्या भिंती अन् डोक्यावर धाब्याची माती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, लोक थकून घरात झोपलेले. ६.२ चा होता. एवढा कॅलिफोर्नियात झाला तर दोन-चार दिवसांची बातमी, आपल्याकडे गावंच्या गावं गेली. अन् तो भाग तेव्हा नकाशावर झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा.

भाऊजी: आणखी एक. किल्लारीलाही आधी असेच बारीक धक्के बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ ला तर साडेचारचा होऊन गेला. मग शांत झालं. लोक आपापल्या घरात परत झोपायला लागले.

वहिनी: म्हंजे साद्राबाडीचं थांबलं, किल्लारीचं थांबलं वाटलं अन् झालं. पप्पूकडचं कोन्या प्रकारचं हे वळखाचं कसं?

भाऊजी: नाही ओळखता येत वहिनी. मोठा होऊन गेला की मागच्यांना पूर्वधक्के म्हणतात. नाही झाला तर ते नुसतेच धक्के.

पप्पू: इथेही हेच सांगतात. शक्यता कमी, पण शून्य नाही.

आत्या: आमच्याकडं २०२४ लेही झाला, चिखलदऱ्याकडं, ४.२ चा. भर दुपारी.

भाऊजी: अन् तारीख ३० सप्टेंबरच.

मी: दादा, तुझ्या घराची जुडाई कुठवर आली?

दादा: खिडकीच्या वर. सोमवारी लिंटेल, दारं-खिडक्यांच्या वरचा सिमेंट-सळाखीचा पट्टा.

भाऊजी: पूर्ण फिरवून का तुकड्यातुकड्याचं?

दादा: दारं-खिडक्यांपुरतं. दोन्ही बाजूनं नऊ-नऊ इंच. मिस्त्री म्हणते आपल्याकडं सगळे असंच टाकतात.

भाऊजी: सगळे टाकतात हे खरं. पण तोच पट्टा तोडू नको. सगळ्या भिंतींवरून सलग फिरव, आतल्या भिंतींवरूनही. तीन इंच जाड, दहा एमएमच्या दोन सळाखा, दर सहा इंचाला सहा एमएमची कडी. चारही भिंती एकमेकींना धरून राहतात.

मोठे बाबा: वाड्याले सत्तर वर्सं झाले. एक चीर नाही. कायले खर्चात पाडता पोराले?

भाऊजी: वाड्याचं माळवद सागाच्या खांबांवर आहे मोठे बाबा, भिंती नुसत्या आडोशाला. नव्या घराला खांब कुठेत? स्लॅबचा सगळा बोजा त्या नऊ इंची भिंतीवर.

मोठे बाबा: हं.

दादा: किती लागंल?

भाऊजी: तीन खोल्या ना? पाऊण क्विंटलच्या आसपास सळाख. वरून गिट्टी-सिमेंट अन् एक दिवसाची मजुरी.

वहिनी: मॉड्युलर किचनचं दार कमी करा. मले चालते.

(सोमवार)

दादा: 📷 मिस्त्री दोन तास रुसला होता. पाहा भाऊजी.

भाऊजी: कड्या छान. पण कोपऱ्यात सळाख तोडलीय. झूम करून बघ, पूर्वेकडची भिंतीच्या टोकालाच थांबलीय. ती काटकोनात वाकवून दुसऱ्या भिंतीत दीड-दोन फूट न्यायची. कोपराच उघडा राहिला तर बाकीचा पट्टा कशाला?

दादा: मिस्त्री म्हणते तार बांधली हाय न.

भाऊजी: तारेनं नाही धरत. फोन दे त्याला.

(चाळीस मिनिटांनी)

दादा: 📷 वाकवली. चारही कोपरे. तुम्ही काय बोलले त्याच्याशी?

भाऊजी: काही नाही. त्याचं स्वतःचं घर कधीचं आहे ते विचारलं.

आत्या: पप्पू, आज हाललं का रे?

पप्पू: हो आत्या, आत्ताच. पोरगी म्हणाली टू पॉइंट सिक्स. २.७ होता.

आत्या: गिलास ठेवत जा उशाशी.