हादरा बसला तेव्हा तुम्ही कुठे होता?

४ डिसेंबर २०२४, सकाळचे साडेसात. मी नागपुरात मनीषनगरला आठव्या मजल्यावर मुलीचा डबा भरत होते. खिळ्याला अडकवलेला झारा भिंतीवर टकटक वाजायला लागला. वाटलं, आपल्यालाच चक्कर आली. मग माठावरचं झाकण थरथरताना दिसलं आणि मुलीला उचलून जिन्याकडे पळाले. भूकंपाचं केंद्र तेलंगणातल्या मुलुगूजवळ, तीव्रता ५.३. तळमजल्यावरच्या काकूंना काहीच कळलं नव्हतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. तुम्ही अनुभवलेलं सगळं लिहा, लहान असलं तरी.

गच्चीवरचा
२२ मे १९९७, बुद्धपौर्णिमेची पहाट. नागपूरच्या महाल भागातल्या घरी उन्हाळाभर आम्ही गच्चीवर झोपायचो. सव्वाचारच्या सुमारास खाट हलली. मला वाटलं, भाऊच हलवून राहिला. तो तर पलीकडच्या गादीवर उठून बसलेला! खालून आई ओरडली, "पोट्टेहो, खाली या बापा!" दुपारी कळलं, जबलपूरला घरं पडली, माणसं गेली. पुढे मी भूगोल शिकवला, तेव्हा मुलांना हाच भूकंप सांगायचो. भारताचा भूभाग वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकून आशियाला रेटतो. तो ताण हिमालयातच संपत नाही, नर्मदेच्या पट्ट्यातल्या जुन्या भेगांवरही येतो. वर्षानुवर्षं अडकून बसलेला खडक एका क्षणात सरकतो. जबलपूरचा धक्का जमिनीखाली पस्तीसेक किलोमीटरवर उगम पावला होता, म्हणून तो इतक्या दूरवर जाणवला.

किल्लारीला गेलेला
मी २१ वर्षांचा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर कॉलेजच्या पोरांसोबत ट्रकने गेलो. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं, आणि पहाटे चारच्या आत सगळं संपलं. साडेनऊ हजारांहून जास्त माणसं. तीव्रता ६.२ च्या आसपास, पण उगम उथळ, गावांच्या अगदी पायाखाली.

दगड उचलताना भिंत कशी होती ते कळलं. दोन्ही बाजूंना दगड, मधे गोटे आणि चिखल, दोघांना बांधणारा आडवा दगड कुठेच नाही. हादऱ्याने भिंत मधोमध उभी फाटली आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, वीतभर नाही, हात-दीड हात जाड, झोपलेल्यांवर आलं. पावसाने तीच माती भिजून जड झाली होती. एका आजीच्या हातात गुलालाने माखलेला रुमाल होता. तो हात आजही दिसतो.

तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. "नागपूरला काही होत नाही" असं कोणी म्हटलं की मला हे आठवतं.

उमरेडकर
खाणीत सुरुंग उडाला की आमच्याकडे तावदानं वाजतातच. मे २०२४ मधे नागपूर जिल्ह्यात सलग तीन दिवस बारीक धक्के नोंदले गेले, आम्ही लक्षही दिलं नाही.

साइटवरचा
आठव्या मजल्यावरच्या ताई, तुम्हाला चक्कर आली नव्हती. दूरच्या भूकंपाच्या संथ लाटांनी उंच इमारती जास्त डोलतात, बैठ्या घरांना त्या जाणवत नाहीत. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपाचा केंद्रबिंदू अहमदाबादपासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर होता, तरी तिथे बहुमजली इमारती पडल्या. त्यातल्या कित्येक खाली पार्किंगचे नुसते खांब, वर विटांच्या भिंती, अशा. वरचं सगळं वजन एकजूट हलतं आणि खांब गुडघ्यात वाकतात. आपल्याकडे अशाच किती आहेत, मोजा.

मी फिटरशी, म्हणजे सळ्या बांधणाऱ्याशी, रोज भांडतो ते खांबाच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांवरून. खांबाच्या टोकांना त्या जवळजवळ हव्यात आणि हूक १३५ अंशांत वळवून आत गेला पाहिजे. नव्वदला सोडला तर धक्क्यात उघडतो. वेळ लागतो म्हणून वळवत नाहीत. काँक्रीट पडल्यावर कोणाला दिसणार?

धागाकर्ती
काल खाली उतरून आमचे खांब पाहिले. चोवीस आहेत. लिफ्टजवळच्या एकाचं प्लास्टर सुटलंय, आतली सळी लाल झाली आहे. फोटो टाकू का दादा?

साइटवरचा
टाका. शेजारी मोजपट्टी धरून काढा, आणि तोवर त्यावर नवीन प्लास्टर लावू देऊ नका.