पुण्याचं पाणी माणसांनी संपवलं की उसानं?

इंदापूरची_लेक: काल इथे एकानं लिहिलं, 'पाणी लोकसंख्येनं संपवलं. दोनपेक्षा जास्त मुलं असतील त्यांचे नळ तोडा.' वाचून रात्रभर झोप लागली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर १.७ आहे. बाईमागे दोन मुलंही नाहीत, मग कुणाचे नळ तोडता? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणं भरली तरी पाणी २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. त्यातूनच शहर पितं आणि त्यातूनच कालव्यानं दौंड-इंदापूरला पाणी येतं. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, लांबलं की आमचा भुईमूग डोळ्यांदेखत करपतो. तेव्हा कुणी धागा काढत नाही.

वाघोलीकर: जननदर उतरला म्हणून डोकी कमी झाली का? पुणे मनपा हद्दीत २००१ ला २५ लाख लोक होते, २०११ ला ३१ लाख. आमच्या सोसायटीत मार्च ते जून टँकर येतात. गेल्या मे महिन्यात माझ्या ७४ वर्षांच्या आईनं तीन मजले बादल्या चढवल्या. माणूस वाढला की पाणी जास्त लागणार, यात न पटण्यासारखं काय आहे?

लातूरचा_पोरगा: ही वाढलेली डोकी म्हणजे आम्ही. पुण्यात जन्मलो नाही, पोटासाठी आलो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, तेव्हा आई घागरी घेऊन रांगेत होती. त्याच्या आदल्या हंगामात जिल्ह्यातल्या कारखान्यांनी ऊस गाळला होताच. कृषी मूल्य आयोगानंच म्हटलंय, राज्यात लागवडीच्या ४ टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी पितो. गावात पाणी असतं तर मी कशाला आलो असतो इथे?

इंदापूरची_लेक: आलात ना शेवटी उसावर! आमच्या दोन एकरांत ऊस आहे, लपवत नाही. उसाला एफआरपीचा, म्हणजे कारखान्यानं द्यायच्याच किमान दराचा, कायदा आहे, उशिरा का होईना पैसे खात्यावर पडतात. तूर नेली की अडत्या म्हणेल तो भाव. हमीभाव कागदावरच. ज्वारीवर माझं कॉलेज झालं नसतं.

लातूरचा_पोरगा: ताई, तुमचं कॉलेज झालं, माझ्या आईच्या घागरीचं काय?

इंदापूरची_लेक: आईला मध्ये आणू नका. ती रांग मी लावलेली नाही.

मावळी_माती: पाण्याचा हिशोब मांडताय तर मुळशी धरणाचाही मांडा. पूर्वेला वाहणारं पाणी अडवून कोकणातल्या भिऱ्याला त्यावर वीज करायची आणि तिकडेच सोडायचं. १९२१ ला या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसलेल्या गावांतले आम्ही. जमिनी पाण्याखाली गेल्या. तेव्हा पुण्यात कुठे एवढी गर्दी होती?

वाघोलीकर: विषय लोकसंख्येचा होता, तुम्ही १९२१ ला पोचलात.

मावळी_माती: आमच्यासाठी तोच विषय आहे. पाणी कुणाला द्यायचं हे ठरवताना डोकी कुणीच मोजली नाहीत.

वाघोलीकर: बरं. उसाचा आकडा मान्य. नळ तोडा असं मी म्हटलं नव्हतं, ते चूकच आहे. पण ताई, त्या दोन एकरांना ठिबक आहे का?

इंदापूरची_लेक: २०१३ पासून आहे. कर्ज काढून केलं. तुमच्या सोसायटीत फ्लॅटवार मीटर आहेत?

वाघोलीकर: नाहीत. बिल्डरनं बसवलेच नाहीत, आम्हीही मागितले नाहीत. पुढच्या सभेत विषय घेतो. पण डोकी वाढतायत, हे माझं म्हणणं कायम आहे.