मदत हवी आहे : आयुष्यक्रमाच्या अभ्यासातील गळती (सहभागींचा संपर्क तुटणे) कशी हाताळावी?

लोकसंख्याशास्त्राच्या एका संशोधनात आम्ही वंचित गटांतील विद्यार्थ्यांना ठरावीक काळाने पुन्हा भेटून त्यांचे शिक्षण, काम, विवाह आणि स्थलांतर यांची वर्षवार नोंद ठेवतो. अडचण अशी आहे की, ज्यांचे घर वारंवार बदलते किंवा ज्यांना लवकर कामाला लागावे लागते, तेच आधी संपर्काबाहेर जातात. ज्यांच्यासाठी हा अभ्यास हाती घेतला, त्यांचीच माहिती सर्वांत अपुरी राहते, आणि हे मला फार खटकते.

शिक्षण सुटण्याच्या वयासाठी कॉक्स यांचे १९७२ चे मॉडेल (एखादी घटना घडेपर्यंतच्या काळाचे विश्लेषण करणारी संख्याशास्त्रीय पद्धत) वापरून पाहिले. मात्र संपर्क तुटण्याचा शिक्षण सुटण्याशी संबंध नाही, हे त्यातील गृहीतक इथे पटण्याजोगे नाही. म्हणून पहिल्या फेरीतील पालकांचे शिक्षण, उत्पन्न व निवास यांवरून अभ्यासात टिकण्याची संभाव्यता काढली आणि तिच्या व्यस्त प्रमाणात भारांक दिले. काही भारांक अवाजवी मोठे आल्याने ते छाटले, तर सर्वाधिक असुरक्षित विद्यार्थ्यांचेच वजन पुन्हा घटले.

आता ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणक-भाषेतील ट्रामाइनआर हे पॅकेज वापरून ऑप्टिमल मॅचिंगने (एक क्रम दुसऱ्यासारखा करायला किती बदल लागतात, हे मोजून) प्रत्येकाच्या वर्षवार अवस्थांच्या संपूर्ण क्रमांची तुलना करायची आहे आणि सारख्या क्रमांचे गट पाडायचे आहेत. शाळेच्या नोंदींशी माहिती जोडण्याची संमती घेतलेली नसल्याने त्यांतून रिकामी वर्षे भरण्याचा मार्ग बंद आहे.

अशा स्थितीत रिकाम्या वर्षांना ‘माहिती नाही’ अशी स्वतंत्र अवस्था मानावी की मल्टिपल इम्प्युटेशनने (अंदाजित मूल्ये घालून माहितीच्या अनेक पूर्ण प्रती तयार करून) ती भरावीत, आणि भरल्यास प्रत्येक प्रतीतून निघणाऱ्या वेगवेगळ्या गटांचा मेळ कसा घालावा?